प्रेमळ पित्या

शनिवारी दुपारी चारला पोह्यांच्या ताटल्या मांडून झाल्या होत्या आणि एकवीस मुलं हात जोडून, डोळे मिटून बसली होती. तेव्हा माझ्या शेजारच्या दानेश्वरीनं एक डोळा उघडला आणि गल्लीतल्या कुणाबद्दल चौकशी करावी तसं हळूच विचारलं, “बाई, ह्यो पित्या रोजच पितो काय वो?” मी नुकताच ‘हे प्रेमळ पित्या’ म्हणून श्वास घेतला होता. एकोणीस वर्षं मी याच शब्दांनी प्रार्थना सुरू करते, आणि पुढचं सगळं आपोआप येतं, त्यात माझं काही कर्तृत्व नाही. त्या दिवशी आलं नाही. “कोण पितो?” मी कुजबुजले. “त्योच की. प्रेमळ पित्या.” समोरच्या रांगेतली दोन पोरं खुदखुदली. मी कसंबसं आमेन म्हटलं, मुलं पोह्यांवर तुटून पडली, आणि मी मात्र तशीच हात जोडून बसून राहिले. चिमणाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती, तिला वाटलं आज बाईंची प्रार्थना जरा जास्तच लागलीय.

खाणं झाल्यावर मी दानूला पायरीवर घेऊन बसले. नऊ वर्षांची पोर, दोन वेण्या घट्ट, रिबिनी चिमणाबाईनं बांधलेल्या. विचारलं, “पित्या म्हणजे काय गं?” तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मीच पहिलीत आहे. “आता बगा. रडतोय त्यो रड्या. पळतोय त्यो पळ्या. मग पितोय त्यो?” व्याकरण बिनचूक होतं. “आणि प्रेमळ?” “पिऊन आला तरी मारत न्हाय, त्यो,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, ठेवणीतली गोष्ट सांगावी तसं, “मी रोज त्येलाच सांगतो. आमच्या अप्पाला तुझ्यागत कर म्हनून. पिऊ दे त्येला, मी न्हाय म्हनत न्हाय. पन तुझ्यागत पिऊ दे.” कोल्हापूरच्या पुष्कळ पोरींसारखी ती येतो-जातो असंच बोलते. एरवी मी ते हटकून दुरुस्त करते, येते म्हण, जाते म्हण. त्या दिवशी मी कशाचीच दुरुस्ती केली नाही. ती उठून लगोरी खेळायला गेली आणि मला हसू आलं, चांगलं पोटातून आलं, आणि ते पूर्ण व्हायच्या आत मला भीती वाटली. पाच वाजता मल्लेश येणार होता. दानूचा अप्पा. तिला घरी न्यायला. आणि तिला त्याच्या हाती द्यायचं हे मीच ठरवलं होतं.

कावळा नाक्याच्या मागच्या बाजूला आमच्या ख्रिस्ती मंडळीचं प्रार्थनाघर आहे, त्याला लागून हा हॉल आणि दोन खोल्या. शाळा सुटली की आसपासच्या वस्तीतली मुलं इथं येतात, खातात, अभ्यास करतात, संध्याकाळी घरी जातात. ज्यांना घरी जाता येत नाही अशा पाचसहा मुली खोल्यांत राहतात. तीन आठवड्यांपूर्वी दानू तापानं फणफणलेली आली, आणि भिंतीला टेकून बस म्हटलं तर बसेना. चिमणाबाईनं तिचा फ्रॉक वर केला आणि मला हाक मारली. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे वळ होते, काही ताजे, काही जुने होऊन तपकिरी पडलेले. त्यांत एक वळ मी नीट पाहिला, बकलाचा चौकोन जसाच्या तसा उमटला होता, शाळेच्या दाखल्यावर शिक्का उमटतो तसा. तिची आई, महादेवी, धाकट्याला घेऊन कबनूरला भावाकडं निघून गेली होती. दानूला मागं ठेवलं कारण अप्पाच्या भाकरी कोण करणार. मी मल्लेशला बोलावलं. आमच्या रीतीप्रमाणं सांगितलं, तीन आठवडे पोर इथं राहील, तीन आठवडे तू थेंबाला शिवायचं नाहीस, मग शनिवारी ये, शपथ घे आणि पोरीला ने. तो रडला. माझ्या पाया पडायला लागला. मी त्याला उठवलं आणि मला फार बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

नियम काय सांगतो ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. अशी पोर सापडली की चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढं न्यायची. हॉलच्या भिंतीवर हेल्पलाइनचा कागदही चिकटवलेला आहे, मीच चिकटवलाय. पण आम्ही कधी गेलो नाही. आमचे पास्टर यशराज म्हणतात, ताई, आपल्यासारख्यांनी पोलीस-समितीच्या दारात जायचं म्हणजे मुलीचं राहील बाजूला, पहिला प्रश्न आपल्यालाच, मुलांना इथं काय शिकवता म्हणून. त्यात खोटं काही नाही. दोन वर्षांपूर्वी चार माणसं येऊन हॉलमधली खेळणीसुद्धा उलटीपालटी करून बघून गेली होती. तेव्हापासून आम्ही सगळं आपापसात मिटवतो. मिटवणं हा शब्द मला आवडायचा. डोळे मिटण्यातला आणि भांडण मिटण्यातला शब्द एकच आहे, हे माझ्या ध्यानात त्या पायरीवर बसल्यावर आलं, आणि मग तो तितकासा आवडेना.

पण शब्दाचंच बोलायचं तर आधी पित्याचं बोललं पाहिजे. या गावात बापाला पिता कोण म्हणतं? पप्पा म्हणतात, बाबा म्हणतात, शिवी द्यायची तर बाप म्हणतात. दानूचं घर सीमेकडचं, तिथं अप्पा. पिता हा शब्द फक्त आमच्या प्रार्थनेत जगतो, तिथून बाहेर त्याला कुणी ओळखत नाही, आणि एकोणीस वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नाही, कारण माझ्यासाठी तो शब्दच नव्हता. तो माझा बाप होता. शांतवन पाळक. नेसरीला आमचं दोन खणांचं घर, एका खणात आम्ही, दुसऱ्यात प्रार्थना. मी चार वर्षांची असताना आई गेली. मला अंघोळ घालायची, वेणी घालायची, भाकरीचा पापुद्रा काढून त्यात तूप सोडून द्यायचं, हे सगळं बाबांनी केलं. वेणी वाकडी व्हायची. सायकलच्या दांडीवर फडकं गुंडाळून माझी बैठक केली होती, आणि चढावर ते उतरून चालायचे, मला मात्र उतरू द्यायचे नाहीत. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. प्रार्थनेच्या वेळी मी त्यांच्या मांडीत बसायची, ते डोळे मिटून ‘हे प्रेमळ पित्या’ म्हणायचे आणि मला खूप दिवस वाटायचं की बाबा स्वतःलाच हाक मारताहेत. अजूनही मी तो शब्द उच्चारते तेव्हा मला साबणाचा वास येतो, लाल साबण, आणि दांडीवरचं फडकं आठवतं. आणि हेच मी इतकी वर्षं या मुलांना वाटत आले. पोह्यांबरोबर माझा बाप वाटत होते मी. ज्यांच्या घरी बाप आला की भांडी लपवतात, त्या पोरांना. त्यांनी तो मुकाट्यानं घेतला, ज्याला जसा समजला तसा. दानूनं निदान विचारलं तरी.

शपथ ही रीतही बाबांचीच. गावात कुणी दारूपायी घर मोडायला निघाला की बाबा त्याला बोलावून घ्यायचे. टेबलावर पांढऱ्या विणलेल्या रुमालावर शास्त्र, म्हणजे बायबल, ठेवायचं, बापानं त्यावर उजवा हात ठेवायचा, बापाच्या हातावर पोरानं आपला हात ठेवायचा, आणि बापानं म्हणायचं, आजपासून शिवणार नाही. मग चहा. त्यासाठी बाबांनी कुणाला धर्म विचारला नाही, आणि लोकही जोतिबाची आण घ्यावी तितक्याच भाबडेपणानं यायचे. पुष्कळांची सुटलीही, हे मी खोटं सांगत नाही. माझ्या वर्गातली शालू अशीच आमच्याकडं पंधरा दिवस राहिली होती. तिचे वडील गणपतराव, धिप्पाड माणूस, शपथ घेताना लहान मुलासारखे हुंदके देत होते. शपथ झाल्यावर बाबांनी स्वतः शालूचा हात धरला आणि तिला घरापर्यंत सोडलं. मी मागून चालत होते. मला तिचा हेवा वाटत होता, कारण तो हात माझा होता. पुढं शालू शाळेत आली नाही. बाबा म्हणाले, घरी सुखात आहे, कामाला मदत करते. आमच्यात तसं धरूनच चालायचं, जी परत येत नाहीत ती सुखात आहेत. मीही तसंच धरून चालले. एकोणीस वर्षांत इथून शपथेवर किती मुलं घरी गेली, आणि त्यांतल्या किती घरांत मी नंतर डोकावले, असं कुणी विचारलं तर मला खाली बघावं लागेल.

चार वर्षांपूर्वी लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी उचलताना एका बाईनं माझा दंड धरला. “सलोमी न्हवं तू? पाळकांची?” शालूबाई. पिकलेले केस, डोरलं, हातात मोठी पिशवी. मी काही बोलले तर तिनं मान वळवून दुसरा कान पुढं केला. “ह्या कानात बोल. त्यो गेलाय.” मी विचारलं, कधी गं? ती भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालत होती, ती न थांबवता म्हणाली, “तवाच. तुमच्यातनं घरला आलो न्हवं का, त्याच आठवड्यात. आमच्या आबानं एक हानली, तवापासनं शिट्टीच वाजतीया आत.” मग माझ्याकडं वळून, तोंडभर हसून, “तुझा बाबा लई चांगला मानूस. हाताला धरून सोडलं बग मला घरला.” तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी तो परत तरी करू शकले असते. मी मेथी घेतली, घरी आले, निवडली, आणि चार वर्षं या गोष्टीवर झाकण ठेवून बसले. माझा बाप चांगला होता. हे मला कुणी खोटं पाडावं अशी माझी इच्छा नव्हती, आणि गंमत अशी की कुणी पाडतही नव्हतं. तो चांगलाच होता. चांगला होता म्हणून तर शालू त्याचा हात धरून निमूट चालत गेली.

साडेचारला मी पास्टरना फोन लावला. ते तरुणांचं शिबिर घेऊन पन्हाळ्याला गेले होते, फोनमध्ये वाराच जास्त ऐकू येत होता. मी म्हटलं, दानूला आज द्यावं असं वाटत नाही. समितीला कळवूया. “ताई, त्यानं शब्द पाळलाय ना? तीन आठवडे?” पाळलाय. “मग आता आपण शब्द फिरवायचा? आणि ते विचारणार, तीन आठवडे न कळवता मुलगी ठेवलीच कशी? केंद्र बंद करतील. बाकीच्या वीस मुलांनी कुठं जायचं?” यातलंही काही खोटं नव्हतं. यशराज वाईट माणूस नाही, रात्री-अपरात्री पोरांना दवाखान्यात स्वतःच्या मोटरसायकलवर नेतो. “प्रार्थना करा,” तो म्हणाला. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण सुरुवातीच्याच शब्दांपाशी अडले. चिमणाबाई ताटल्या पुसत होती. ती बावड्याची, कपाळभर कुंकू लावते, आणि आमच्या प्रार्थनेला डोक्यावर पदर घेऊन बसते, कारण पोहे तिनं केलेले असतात. म्हणाली, “काय म्हनत्यात सायेब?” “प्रार्थना करा म्हणतात.” “करा की. पन त्या पोरीच्या पाठीकडं बगून करा. टेबलाकडं बगून नगं.” आणि पुन्हा पुसायला लागली.

मल्लेश पाचला दोन मिनिटं कमी असतानाच आला. केसांना तेल लावून भांग पाडलेला, धुतलेला शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावलेला, हातात चिरमुऱ्यांची पुडी आणि लाल क्लिपांचा एक जोड. फौंड्रीत काम करतो, हातांवर ठिणग्यांचे बारीक डाग आहेत. “थेंब न्हाय बाई,” तो दारातूनच म्हणाला. “तीन आठवडं. कुनालाबी इचारा.” तोंडाचा वास घ्या म्हणून तो जवळ यायला लागला, मी म्हटलं राहू दे. खरं बोलत होता. तो राक्षस असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण समोर उभा होता तो भांग पाडलेला, लाजलेला, लेकीसाठी क्लिपा आणलेला माणूस, आणि मला त्याची माया आली. दानू धावत आली, क्लिपा बघितल्या, तिथंच केसांत खोचल्या. टेबल मीच मांडून ठेवलं होतं, सवयीनं. रुमाल, त्यावर शास्त्र. मी काही सांगायच्या आत मल्लेशनं त्यावर उजवा हात ठेवला. दानूला तीन आठवडे शिकवलेलं होतं, तिनंही हात पुढं केला. पण पंजा टेकवला नाही. तवा तापलाय का बघावं तशी नुसती बोटं लावली.

मी तेव्हा जे केलं ते रीतीत बसत नाही. आजवर बापाला बोलायला लावलं होतं, पोराला कुणी कधी काही विचारलं नव्हतं, बाबांनी नाही आणि मीही नाही. मी म्हटलं, “दानू, जायचंय का तुला घरी?”

“जातो की,” ती म्हणाली. क्षणाचाही विचार नाही. मल्लेशचे डोळे भरून आले. मलाही, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. पोर स्वतःच जाते म्हणतेय, मग मी कोण. तेवढ्यात ती माझ्याकडं वळली आणि गृहपाठातली अडचण विचारावी इतक्या व्यवहारी सुरात म्हणाली, “पन बाई, एक सांगा. अप्पा पिऊन आला की मी कुठं थांबू? मागल्या बारीला नळापाशी थांबलेलो, तर शेजारची काकू म्हनली, हितं नगं, आमची पोरं भित्यात.”

मी मल्लेशकडं बघितलं. आता तो म्हणेल, मी पिणारच नाही. तेच तर म्हणायला आला होता तो. त्याची मान खाली गेली. तो खरंच विचार करत होता, लेकीनं विचारलंय तर नीट उत्तर दिलं पाहिजे म्हणून. “जिन्याखाली थांबत जा,” तो हळूच म्हणाला. “तितं मी येत न्हाय.” हात अजून शास्त्रावरच होता.

दानूनं मान हलवली. तिचं समाधान झालं होतं. दोघांमध्ये सगळं ठरून गेलं होतं आणि त्यात कुणी कुणाला फसवत नव्हतं. या टेबलावर आजवर घेतलेल्या शपथांपैकी एवढी खरी एकही नसेल. मला बाबांचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि तो वाटला होता तेवढा भयंकर नव्हता. प्रेम जिथं होतं तिथंच राहिलं, राग त्याच्या शेजारी येऊन बसला. “मल्लेश,” मी म्हणाले, “हात काढा.”

त्याला कळेना. मी त्याचं मनगट धरून हात उचलला, शास्त्र उचलून कपाटात ठेवलं, रुमालाची घडी केली. “दानेश्वरी आज येणार नाही. मी समितीला कळवतेय. ते तुम्हाला विचारतील. मलाही विचारतील.” “तुमी म्हनलासा की,” तो म्हणाला, “तीन आठवडं न्हाय पिलं तर देतो म्हनून. मी न्हाय पिलं.” “म्हणाले होते. चूक माझी आहे. तुम्ही शब्द पाळलात.” मला वाटलं तो ओरडेल, टेबल उलटं करेल. तो नुसता जाऊन दाराच्या पायरीवर बसला, चिरमुऱ्यांची पुडी मांडीवर घेऊन. चिमणाबाईनं त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यामागं उभी राहिली.

मी भिंतीवरच्या कागदावरून नंबर बघितला. पाठ होता, तरी बघितला. दहा-अठ्ठ्याण्णव. उद्या हॉलला कुलूप लागेल का, वीस मुलं कुठं जातील, यशराज काय म्हणेल, हे सगळं होतंच, कुठं गेलं नव्हतं. घंटी वाजत असताना दानूच्या ध्यानात आलं. “म्हंजे मी जात न्हाय?” “नाही बाळ.” “आज न्हाय का उद्या न्हाय?” मी फोन कानाशी तसाच धरून ठेवला. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग ती माझ्यावर धावून आली. “खोटारडी! अप्पाच्या भाकरी कोन करनार? तुमी करनार? खोटारडी!” दोन्ही मुठी वळून ती माझ्या पोटात मारायला लागली. पोर हडकुळी, पण जोर होता, आणि मुठी मारायच्या कशा ते तिला चांगलं ठाऊक होतं. चिमणाबाई सोडवायला धावली. मी हातानंच तिला थांबवलं. दुखत होतं. एक केसांतली क्लिप उडून टेबलाखाली गेली.

पलीकडून कुणा तरुण मुलीचा आवाज आला. मी माझं नाव सांगितलं, सलोमी शांतवन, कोल्हापूर, एक मुलगी आहे, नऊ वर्षांची, तीन आठवड्यांपूर्वीच कळवायला हवं होतं, कळवलं नाही. ती लिहून घेत होती. मग थांबली.

“मागं आवाज कसला येतोय, मॅडम? कुणी मुलीला मारतंय का?”

“नाही,” मी म्हणाले. “ती मला मारतेय.”

मग तिनं तिच्या कागदावरचा पुढचा प्रश्न विचारला, “मुलगी आत्ता सुरक्षित आहे का?”

मी खाली बघितलं. दानू डोळे मिटून मारत होती, दमली होती तरी थांबत नव्हती.

“हो,” मी म्हणाले. “आत्ता आहे.”